एकेचाळीस तारे आणि मो सरांचा कान

४ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. वय त्र्याहत्तर. हल्ली सकाळी आलेला राग दुपारच्या झोपेनंतर विरून जातो, म्हणून लिहून ठेवणार.

झालं ते असं. आमच्या वसाहतीतल्या वृद्ध केंद्रात 'आकाशाची ओळख' नावाचा क्लास सुरू झाला. दर मंगळवारी, दुपारी तीन वाजता, पडदे ओढून. शिकवणारे मो सर. रिटायर्ड शाळामास्तर, उंच, बारीक, खिशाला तीन पेनं. मी गेलो ते फुकट एअरकंडिशन मिळतं म्हणून. हाँगकाँगच्या आप लेई चाऊ बेटावरच्या उन्हाळ्यात अभ्यासाला दुसरं कारण लागत नाही.

सरांनी तक्त्यावर सात तारे दाखवले आणि विचारलं, याला काय म्हणतात. मी बोटीवर जन्मलेला माणूस. ताबडतोब सांगितलं, पेजेचा डाव, पेज वाढतात तो. आम्ही बोटीवाले तेच म्हणतो. सर हसले. म्हणाले, क्वाय काका, बोटीवरचं बोटीवर राहू द्या. पुस्तकात याला पाक-ताव म्हणतात, उत्तरेचा डाव. पेज तुम्ही घरी जाऊन प्या.

चौदा बायका हसल्या. मिस क्वानसुद्धा. ती केंद्रातली कर्मचारी, तिचं काम आमची सोय बघणं. हसणं त्यात येतं का, चौकशी केली पाहिजे.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी एकतीस वर्षं मासेमारीच्या बोटीचं सुकाणू धरलंय. ताऱ्यांवर बोट चालवलीय. मो सर तर माझ्याकडे बघतच राहिले. घाबरले.

घरी येऊन बायकोला, चोय-लिनला, सांगितलं. ती म्हणाली, सुकाणू? अहो, सुकाणू माझा भाऊ धरायचा. तुम्ही खाली पेज ढवळत होतात.

तिचा मुद्दा तांत्रिक आहे. बोट तीच होती.

५ जुलै

प्लॅन तयार. सरांच्या यादीत एकेचाळीस शब्द आहेत. सगळे पाठ करायचे. मग भर क्लासात सरांची चूक पकडायची, चौदा बायकांसमोर.

शिवाय केंद्राच्या दारावर नोटीस लागलीय. मध्य-शरदाच्या सणाला संध्याकाळी आमचा क्लास खालच्या बागेत सगळ्या वसाहतीला आकाश दाखवणार. एक जण लाउडस्पीकर घेऊन बोलणार. अर्थात मो सर.

नाही. तो लाउडस्पीकर माझा.

त्या संध्याकाळी मुलगी, जावई आणि व्याही येतात मूनकेक खायला. सिऊ-फानच्या सासरी गेली बावीस वर्षं मी तांडेल आहे, म्हणजे बोटीचा कप्तान. लग्न जमवताना तसं बोललं गेलं. आता वसाहतीत कोणी 'पेज' म्हणून हसलं आणि ते व्याह्यांच्या कानावर गेलं, तर मग मी कोण?

९ जुलै

अभ्यास जोरात. शब्द कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे लिहितो. शाळेत दोनच वर्षं गेलो, पण अक्षर अजून लागतं. निदान मला.

पाच ग्रह तासाभरात पाठ. सोन्याचा, लाकडाचा, पाण्याचा, आगीचा, मातीचा. आठ सुटे शब्द: उत्तरेचा डाव, विणकरीण, गुराखी, चांदीची नदी म्हणजे आकाशगंगा, आकाशातला लांडगा, म्हातारा तारा, पडता तारा, झाडूतारा. उरल्या चंद्राच्या अठ्ठावीस खोल्या. चंद्र महिनाभर रोज रात्री एकेका खोलीत उतरतो म्हणे. एवढी घरं असलेला हाँगकाँगमध्ये हा एकटाच.

रात्री जेवताना बघतो तर चोय-लिनने माशाचे काटे ठेवायला माझी पानं टेबलावर पसरलेली. लांडगा, विणकरीण आणि सात खोल्या खाऱ्या माशाखाली. ती म्हणाली, कोरी बाजू वर होती. मी म्हणालो, कोरी बाजू नव्हतीच. ती म्हणाली, तुमच्या अक्षराला मी डाग समजले.

तिच्यावरही सूड. पण आधी सर.

१८ जुलै

खोल्या गाण्यासारख्या म्हटल्या की पाठ होतात. कोक, कोंग, ताय, फोंग, साम, मेय, केय. एकच अडचण. मध्ये कोणी बोललं की पुन्हा कोकपासून. चोय-लिन मुद्दाम विसाव्या खोलीला चहा हवा का विचारते.

आज क्लासात सर म्हणाले, क्वाय काकांची स्मरणशक्ती बघा, शिका जरा. सापळा आहे. स्तुती करून माणसाला गाफील ठेवायचं.

क्लास सुटल्यावर सर माझ्या मागे मागे जिना उतरले. म्हणत होते, क्वाय काका, एक विचारायचं होतं, तुम्ही भर समुद्रात असताना... मी म्हणालो, बस सुटेल. मला बसने कुठे जायचं नव्हतं, मी समोरच्या इमारतीत राहतो. पण बस आली आणि सर बघत होते, म्हणून बसावं लागलं. दोन स्टॉप गेलो, उन्हातून चालत आलो. घामोळं उठलंय.

हेही त्यांच्याच नावावर.

८ ऑगस्ट

संध्याकाळी धक्क्यावर जाऊन प्रत्यक्ष आकाश तपासलं. तासभर मान वर. एक तारा सापडला. दक्षिणेला, लालसर, अगदी स्थिर. ओळखला, आगीचा तारा. आनंदाने शेजारच्या गळवाल्याला दाखवला. तो म्हणाला, काका, ती नव्या इमारतीची क्रेन.

माझी चूक नाही. तक्त्यावर ताऱ्यांखाली नावं असतात. आकाशात ती सोय नाही.

मान आखडलीय. चोय-लिनने पांढऱ्या फुलाचं तेल चोळलं. चोळताना म्हणाली, आयुष्यभर खाली बघितलंत, आता एकदम वर कशाला?

१५ ऑगस्ट

परीक्षा झाली. एकेचाळीसपैकी एकेचाळीस! क्लासात पहिला. लाव आजी, जी पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसली होती, तिने टाळ्या वाजवल्या. तिला बारा मिळाले.

सरांची चूक मात्र एकही सापडली नाही. माणूस फार कावेबाज आहे.

मिस क्वानला विचारलं, आता लाउडस्पीकर कोणाकडे? ती म्हणाली, सरांकडेच ना, काका, दरवर्षीसारखं. म्हणजे अभ्यास करून न्याय मिळत नाही. हे मला शाळेच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं, म्हणून सोडली.

दुसरा प्लॅन लागणार.

२९ ऑगस्ट

दुसरा प्लॅन पार पडला.

चंद्राकडे बोट दाखवलं तर तो रात्री येऊन कानामागे कापतो. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या आईने मला दूध सुटायच्या आधी सांगितलं. मो सर कितीही शिकलेले असले तरी तक्त्यावर तारे दाखवायला वडे तळायची लांब काडी वापरतात आणि खिडकीतून काही दाखवायचं तर हनुवटीने.

आज क्लास संध्याकाळी धक्क्यावर होता. चंद्र जवळपास पूर्ण, समोरच्या डोंगरावर. काडी केंद्रात राहिली होती. मी पुढे झालो आणि अगदी नम्रपणे विचारलं, सर, चंद्रावरचा तो औषध कुटणारा ससा कुठला हो? सरांनी हनुवटी उचलली. मी म्हणालो, नाही दिसत. सरांनी तळहात दाखवला. मी म्हणालो, हा? हा तर बेडूक वाटतो. सर म्हणाले, बेडूक नाही, ससा, कान वर आहेत. मी म्हणालो, कान? मला तर पाय वाटतात.

मास्तरकी उसळली. सर ओरडले, अहो हे कान! ही पाठ! हे मुसळ! आणि तीनदा बोट. सरळ, पहिलं बोट, चंद्राच्या तोंडावर.

चौदा बायकांचा श्वास अडकला. लाव आजी म्हणाली, सर, हात जोडा आधी, माफी मागा! त्यात सातवा महिना चालू आहे, भुतं मोकळी फिरताहेत. सर हसले. म्हणाले, आजी, मी विज्ञान शिकवायचो.

मी बोलावलेलं नाही काही. मी फक्त ससा विचारला.

१ सप्टेंबर

दहा नंबरचा बावटा, म्हणजे सगळ्यात मोठं वादळ. वारा नळातून सुद्धा घुसतोय. काचांना टेप लावल्या. बंदरात बोटी एकमेकींना बांधून ठेवल्यात.

मनात येतं, हे माझ्यामुळे तर नाही? चंद्र एका कानासाठी एवढं करेल असं वाटत नाही. तरी झोपताना आरशात स्वतःचे कान बघितले. दोन्ही आहेत.

५ सप्टेंबर

मो सर क्लासला आले नाहीत. मिस क्वान म्हणाली, हॉस्पिटलमध्ये आहेत. कशासाठी ते तिला सांगायचं नव्हतं. मग हळूच म्हणाली, कानाचं काहीतरी.

कानाचं!

घरी येताना भाजलेला हंस घेतला, पाव भाग, पायासकट. चोय-लिन म्हणाली, आज काय? मी म्हणालो, आज न्याय.

१२ सप्टेंबर

सर आले. उजव्या कानावर पांढरी पट्टी, कोळंबीच्या डम्पलिंगएवढी. फुगलेली.

दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग लाव आजी वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ससा कोणी विचारला होता हो त्या दिवशी? चौदा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या शेजारची खुर्ची कोणी घेतली नाही.

आता पुढची शंका. बोट दाखवणाऱ्याचा चंद्र कान कापतो. बोट दाखवायला लावणाऱ्याचं काय कापतो? हे आईने सांगितलं नव्हतं.

रात्री लोकरीची टोपी घालून झोपतोय. सप्टेंबरमध्ये. चोय-लिन म्हणाली, अशीच घालून बसा, लोक म्हणतील तांडेल बर्फाच्या समुद्रावर निघाले.

१३ सप्टेंबर

बातमी! मिस क्वानचा फोन. सरांना टाके आहेत, डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केलीय. लाउडस्पीकर क्वाय काकांना द्यायचा असं सरांनीच सांगितलं. म्हणाले, त्यांनी ते आकाश खरं पाहिलंय.

घाबरलेला माणूस असाच वागतो.

सूड पूर्ण. टोपी काढली. मग परत घातली.

२० सप्टेंबर

सिऊ-फानला फोन केला. जावई, व्याही, विहीणबाई सगळे येणार. व्याहीबुवांनी फोन घेऊन स्वतः सांगितलं, तांडेलसाहेब, या वर्षी पपनस आमच्याकडून. त्यांच्या तोंडून 'तांडेलसाहेब' फार छान वाटतं.

फोन ठेवला तर चोय-लिन बघत होती. मी म्हणालो, तू त्या दिवशी काही बोलू नकोस. ती म्हणाली, मी कशाला बोलू, मी पपनस सोलत बसेन. तुमचं तुम्हीच बोला.

यात काहीतरी टोचणारं आहे, पण कुठे ते सापडलं नाही.

२८ सप्टेंबर

उद्या. आकाश स्वच्छ असेल असं रेडिओ म्हणतो. सगळं अनुकूल. अठ्ठावीस खोल्या दोनदा न अडखळता. शर्ट इस्त्री करून घेतला. लाउडस्पीकर घरी आणून न्हाणीघरात 'कोक, कोंग, ताय' म्हणून बघितलं. वरच्या मजल्यावरून लाथ आली.

२९ सप्टेंबर, सणाची रात्र

मध्य-शरदाला पौर्णिमा असते. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पौर्णिमेला तारे दिसत नाहीत. हेही माहीत. मिस क्वान, मो सर, चौदा बायका आणि मी, आम्ही तीन महिने तयारी केली आणि या दोन गोष्टी एकत्र कोणाच्याही डोक्यात आल्या नाहीत. सर म्हणे दरवर्षी फक्त चंद्रावरच बोलायचे.

बागेत दोनशे माणसं. पोरांचे कंदील, अळकुड्या, मूनकेक. वर तो एकटा, ताटाएवढा. बाकी आकाश पुसून ठेवलेलं.

पण मी डगमगलो नाही. उलट मनात म्हटलं, कोणालाच काही दिसत नाही म्हणजे कोणालाच माझी चूक दिसणार नाही. लाउडस्पीकर उचलला आणि सुरू केलं. तळहाताने दाखवत, इथे विणकरीण, तिथे गुराखी, मधून चांदीची नदी. लोक त्या त्या बाजूला माना वळवत होते. मग खोल्या. कोक, कोंग, ताय. सतराव्या खोलीपर्यंत पोचलो. लोक डोलत होते. सिऊ-फान फोनवर माझा व्हिडिओ काढत होती.

अठराव्या खोलीला व्याहीबुवा उठले. म्हणाले, तांडेलसाहेब, तो तेजस्वी कोणता, डोंगराच्या वर?

सगळ्या खोल्या गेल्या. कोकसुद्धा आठवेना. पण तारा खरंच होता. मोठा, पिवळा, झकास. मी लाउडस्पीकरमधून सांगितलं, हा मातीचा तारा. बोटीवर मी याच्यावरच दिशा धरायचो.

ताऱ्याने एक लाल दिवा लावला. मग एक हिरवा. मग वळला आणि विमानतळाकडे निघाला. आवाजही आला त्याचा.

आधी एक पोर हसलं, मग दोनशे माणसं. लाव आजी तर खांबाला धरून. व्याहीबुवा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, कोडं सोडवताना बघतात तसे. चोय-लिन पपनस सोलत होती. मान खाली.

तेवढ्यात मो सर उभे राहिले. पट्टी लावलेले, डॉक्टरांची बंदी असलेले. टाके तुटतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, हसता काय! क्वाय काकांनी तुमची परीक्षा घेतली. बोटीवर नव्या खलाशाला पहिला धडा हाच देतात, जो हलतो त्याच्यावर दिशा धरू नका!

टाळ्या. सगळ्यात जास्त व्याहीबुवांच्या. मला मिठी मारली. म्हणाले, वा, तांडेलसाहेब, मीसुद्धा फसलो की!

शत्रूने वाचवलं. तेही खोटं बोलून. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने. आयुष्यात माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता. याचा सूड घेतल्याशिवाय राहणार नाही. झोप येत नाही. टोपी गरम होतेय.

३० सप्टेंबर

ठरवलं, सरांच्या तोंडावर खरं सांगायचं. तुमचा कान मी कापवला. ससा ठाऊक असून विचारला. बघू मग कसे वाचवतात. सूड पूर्ण तर होईलच, आणि माझे कान सुटले तर बरंच. मूनकेकचा डबा घेतला, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

सर एकटेच राहतात, अकराव्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, भिंतभर आकाशाचे तक्ते. त्यांनी चहा ओतला. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. ससा, बेडूक, पाय, बोट.

सर इतके हसले की कान धरून बसावं लागलं. म्हणाले, अहो काका, तीळ होता तो, वाढलेला. दोन वर्षांपूर्वी नंबर लावला होता. पाच सप्टेंबर ही तारीख मला मे महिन्यातच मिळाली होती. सोमवारी पट्टी निघणार.

मे महिन्यात. तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो.

मी डबा उघडला. दुसरं काय करणार. सरांनी चार तुकडे केले, अंड्याचा बलक जास्त असलेला माझ्या बशीत टाकला. मग खिशातून पेन काढलं, वही उघडली. म्हणाले, क्वाय काका, जुलैपासून तुम्हाला एक विचारायचं आहे, तुम्ही सारखे बस पकडता. मी या शहरात जन्मलो. छत्तीस वर्षं पोरांना तारे शिकवले, सगळे या तक्त्यांवरून. चांदीची नदी मी डोळ्यांनी कधी पाहिली नाही. एकदा डोंगरावर गेलो तर धुकं. पहिल्या दिवशी तुम्ही उभे राहून एकतीस वर्षं म्हणालात आणि मला रात्रभर झोप लागली नाही. हेव्याने. सांगा ना, भर समुद्रात, कुठेही एक दिवा नसताना, कशी दिसते?

मी चहाचा पेला धरून बसलो. मोठे प्रश्न असतील असं वाटलं होतं, वाऱ्याचे, दिशांचे. त्यांची उत्तरं चोय-लिनच्या भावाकडून ऐकलेली होती.

बोटीवर संध्याकाळी भात, मग भांडी, मग झोप, कारण पहाटे तीनला पेज चढवायची. तीन ते पाच मी खाली, आचेकडे बघत. चोय-लिनचा भाऊ सुकाणूवरून हाक मारायचा, क्वाय, वर ये, बघ काय आकाश आहे! मी ओरडायचो, पेज लागेल. रोज नाही, पण पुष्कळदा बोलवायचा. सात पायऱ्या होत्या.

सर वाट बघत होते. पेन वहीला टेकलेलं.

म्हणालो, ढग असायचे.

सरांनी विचारलं, एकतीस वर्षं?

मी म्हणालो, हो. त्या बाजूला ढग फार.

सरांनी पेनाला टोपण लावलं.